तिरका बांबू

गेल्या जानेवारीत नातीच्या शाळेचे खेळ होते. बेळगावची जानेवारीतली सकाळ म्हणजे नऊपर्यंत स्वेटर आणि दहानंतर डोक्यावर पदर. मैदानाच्या कडेला पाच-सहा दगडी पायऱ्या आहेत, त्यांच्यावर आम्ही सगळ्या आज्या आणि आया डबे घेऊन बसलो होतो. माझ्या शेजारी आमच्या शेजारच्या वैनी. तीस वर्षांचा शेजार आहे आमचा. त्यांच्याकडचं तूप संपलं की आमच्याकडे वाटी येते, आमचा दूधवाला लवकर आला की त्या भिंतीवरून हाक मारतात. त्यांची नात आणि माझी नात एकाच वर्गात, पाचवीत. दोघी शंभर मीटरच्या शर्यतीत होत्या.

चुन्यानं रेघ आखलेली होती. रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक बांबू रोवलेला, त्यांना झेंडूच्या माळा. शर्यतीच्या आधी मी नातीला अलीकडच्या बांबूशेजारी उभी करून एक फोटो काढला. ती म्हणाली, “आजी, ओरडू नको हं. मला लाज वाटते.” मी म्हटलं, “नाही ओरडत.” पुढं मी ओरडले, ते सोडा.

शिट्टी झाली. अर्ध्या मैदानापर्यंत सगळ्या पोरी एका घोळक्यात, मग दोघीच पुढं राहिल्या, आमची आणि वैनींची. आमची पायऱ्यांच्या बाजूच्या पट्ट्यात, त्यांची पलीकडच्या. मी फोन आडवा धरला, नातीला चौकटीत पकडलं, तिच्याबरोबर फोन वळवत नेला आणि रेघ आली तसं बटण दाबलं. एकच फोटो निघाला. आणि बघते तर काय, अगदी नेमका क्षण!

पीटीच्या बाईंनी पहिला नंबर वैनींच्या नातीला दिला. मी फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. माझ्या नातीची छाती रेघेच्या पलीकडं, त्यांच्या नातीची अजून अलीकडं. दोन बोटांचाच फरक, पण स्पष्ट. मी पायऱ्या उतरून बाईंकडे गेले.

वैनी मागून हळूच म्हणाल्या, “आक्का, पोरींची शर्यत आहे. सोडा की.”

आणि मी सगळ्यांच्या समोर बोलून गेले, “वैनी, डोळ्यांचं काय सांगता? डोळे आपल्या माणसाकडंच बघतात. फोटो कुणाचा नसतो. फोटो कधी खोटं बोलतो का?”

बाईंनी फोटो पाहिला, शेजारच्या दोन शिक्षकांना दाखवला. दोघांनीही मान हलवली. वहीतली नावं खोडून वरखाली केली गेली. वैनींच्या नातीच्या गळ्यातलं पदक काढून माझ्या नातीच्या गळ्यात घातलं. ती पोर रडली नाही. खाली बघत बुटानं माती उकरत राहिली. आमची घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

त्या फोटोत एक गोष्ट मला त्याच दिवशी दिसली होती. बांबू तिरका दिसत होता, धावण्याच्या दिशेला झुकलेला. मी घरी हसून म्हटलंसुद्धा, “एवढी मोठी शाळा, पण एक बांबू सरळ रोवता येत नाही यांना.”

---

आठवड्यानं मी तो फोटो मोठा करून चौकटीत बसवायला स्टुडिओवाल्या अण्णांकडे नेला. अण्णांनी माझ्या लग्नाचे फोटो काढलेत, माझ्या लेकीच्या लग्नाचेही. आता दुकान मुलगा बघतो, अण्णा काउंटरमागं बसून पेपर वाचतात. त्यांनी चष्मा वर करून फोटो संगणकावर मोठा केला आणि विचारलं, “आक्का, हा बांबू असाच होता का?”

मी तोच विनोद पुन्हा केला. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, “बांबू तिरका, आणि खाली बघा, चुन्याची रेघ पण त्याच बाजूला तिरकी. आणि मागच्या भिंतीचा कोपरा? तोही तिरका. एक शाळा तीन-तीन गोष्टी तिरक्या बांधत नाही. तुम्ही फोन फिरवत होता ना?”

“हो. नातीबरोबर वळवत नेला.”

मी शर्यतीच्या आधीचा फोटो काढला, नात बांबूशेजारी उभी असलेला. त्यात बांबू ओळंब्यानं लावल्यासारखा सरळ होता. मी काहीच बोलले नाही. पोटात मात्र कुठंतरी लागलं.

अण्णांनी आतून त्यांचा जुना रशियन झेनिट कॅमेरा आणला. रीळ नव्हतंच, मागचं झाकण उघडून माझ्यासमोर धरला. आत काळ्या कापडाचा पडदा. अण्णांनी बटण दाबलं. मला फक्त काहीतरी सळकन गेल्यासारखं दिसलं.

“हे दोन पडदे आहेत,” अण्णा म्हणाले. “पहिला सरकून जागा उघडी करतो, दुसरा त्याच्या मागनं येऊन झाकतो. वेग कमी ठेवला तर सगळी चौकट एकदम उघडी मिळते. पण सेकंदाचा पाचशेवा भाग लावला की पहिला अर्ध्यात पोचायच्या आत दुसरा निघतो. मग उजेड फक्त दोघांमधल्या फटीतनं जातो. ती फट फिल्मवरून सरकत जाते. म्हणजे फोटोची एक कड आधी निघते आणि दुसरी नंतर.”

मग त्यांनी लग्नातली गंमत सांगितली. सुरुवातीला नवशिका असताना ते जास्त वेगावर फ्लॅश मारायचे. फ्लॅश चमकायचा एक क्षण, आणि त्या क्षणी फट असायची चौकटीच्या एका बाजूला. मग फोटोत नवरी लख्ख आणि नवरा अंधारात. “लोक म्हणायचे, अण्णा, नवरदेवाचे पैसे मिळाले नाहीत का?”

“पण अण्णा, माझ्या फोनमध्ये कुठं पडदा आहे?”

“पडदा नाही. पण फोन चित्र ओळीओळीनं वाचतो. आडवा धरला की बहुतेक वेळा वरची ओळ आधी, मग तिच्या खालची, असं शेवटपर्यंत. सगळ्या ओळी वाचायला फोनप्रमाणे सेकंदाचा तिसावा-पन्नासावा भाग लागतो. समोरचं सगळं स्थिर असेल तर काही बिघडत नाही. पण मधल्या वेळात कुणी हललं, किंवा फोनच हलला, तर वरच्या ओळी एका क्षणाच्या आणि खालच्या ओळी नंतरच्या क्षणाच्या.”

मला एकदम वडगावचे माग आठवले. लहानपणी मी आईबरोबर शहापुरी लुगडं आणायला विणकरांच्या घरी जायची. विणकर एकेक आडवा धागा घालायचा, फणी ठोकायचा, पुन्हा धागा. लुगडं खांद्यावर घेतलं की सगळं एकसंध दिसतं, पण पदराचा पहिला धागा आणि शेवटचा धागा यांच्यात दिवस गेलेले असतात. विणताना कुणी ताणा हळूहळू एका बाजूला ओढत राहिलं तर नक्षी तिरकी जाईल. त्यात विणकराची चूक नाही. मी अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर! फोन फोटो विणतो, आणि तुम्ही विणताना माग फिरवलात.”

मग त्यांनी पेन्सिल घेऊन कागदावर दाखवलं. वरच्या ओळी वाचल्या तेव्हा बांबूचा माथा जिथं होता तिथं आला. खालच्या ओळी वाचेपर्यंत माझा हात पुढं वळलेला, म्हणून बांबूचं बूड चौकटीत मागं पडलं. म्हणून बांबू पुढं झुकलेला. चुन्याच्या रेघेचंही तेच. रेघेचं पायऱ्यांच्या बाजूचं टोक फोटोत खाली, ते मागं सरकलं. पलीकडचं टोक वर, ते पुढं राहिलं. माझी नात अलीकडच्या पट्ट्यात, म्हणजे खालच्या ओळींत. तिच्यापुरती रेघ मागं सरकली, म्हणून ती रेघेच्या पलीकडं दिसली. वैनींची नात वरच्या ओळींत. तिच्यापुरती रेघ अजून पुढंच होती.

“किती फरक पडेल अण्णा?” माझा आवाज मलाच बारीक वाटला.

“पोरी शंभर मीटर अठरा सेकंदांत पळाल्या म्हणा. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दोघींच्या ओळी वाचण्यात सेकंदाचा शंभरावा भाग जरी गेला, तरी साडेपाच सेंटीमीटर. तीन बोटं.” ते जरा थांबले. “शिवाय तुम्ही रेघेच्या नाकासमोर नव्हता, बाजूला बसला होता. त्यानंही फरक पडतो.”

फोटोतला फरक दोन बोटांचा होता.

---

माझा चेहरा बघून अण्णांनी चहा मागवला आणि कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. त्यात एका फ्रेंच मुलाचा फोटो होता, झाक आँरी लार्तिग याचा. जन्म १८९४ चा, लहानपणापासून कॅमेऱ्याचं वेड. विशीच्या आत-बाहेर असताना तो मोटारींची शर्यत बघायला गेला आणि सुसाट जाणाऱ्या मोटारीबरोबर कॅमेरा वळवत त्यानं बटण दाबलं. मोटार चौकटीच्या उजव्या कडेला कापली गेली आहे. मागचं चाक गोल नाही, अंड्यासारखं लांबट, पुढं झुकलेलं. आणि मागं उभी असलेली माणसं आणि खांब मात्र उलट दिशेला कललेले, जणू वाऱ्यानं मागं लोटलेत.

त्याच्या कॅमेऱ्यातली फट खालचं आधी टिपत वर गेली होती. चाकाचा माथा टिपेपर्यंत मोटार पुढं गेलेली, म्हणून चाक पुढं झुकलं. मुलगा कॅमेरा वळवत होता, म्हणून उभी माणसं मागं कलली. पण मोटारीएवढ्या वेगानं वळवणं त्याला जमलं नाही, म्हणून एकाच फोटोत दोन्ही तऱ्हेचा तिरकेपणा आला.

लार्तिगला तो फोटो फसल्यासारखा वाटला. त्यानं तो बाजूला ठेवला आणि तो कित्येक दशकं पडून राहिला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन झालं आणि जगाला हा माणूस कळला. तोवर तो सत्तरीला टेकला होता. आज तो फसलेला फोटो वेगाचं चित्र म्हणून जगभर दाखवतात. आणखी एक गंमत म्हणजे, बरीच वर्षं तो १९१२ चा म्हणून छापला जायचा. पुढं जाणकारांनी मोटार आणि तिच्यावरचा नंबर तपासून तो १९१३ च्या शर्यतीचा ठरवला. चाक तर तिरकं होतंच, खालची तारीखही सरळ नव्हती.

“म्हणजे शर्यतीत फोटोवर विश्वास ठेवायचाच नाही का?” मी विचारलं. “मग ऑलिम्पिकमध्ये कसा ठेवतात?”

आणि बोलता बोलता मला १९८४ आठवलं. लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक. माझं नवीन लग्न झालेलं. पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत चौथी आली. तिसरीची वेळ ५५.४१ सेकंद, उषाची ५५.४२. सेकंदाचा एक शंभरावा भाग. सासरी आल्यावर मी मोठ्यानं बोलायची नाही, पण त्या दिवशी पेपर वाचून सासऱ्यांसमोर म्हणाले होते, “शंभरावा भाग म्हणजे काय असतो हो? तो दिसतो तरी का कुणाला?” सासरे म्हणाले होते, “फोटोत दिसतो.”

अण्णांनी त्याचंही उत्तर दिलं. शेवटच्या रेघेवरचा कॅमेरा वेगळा असतो. तो रेघेच्या नाकासमोर पक्का बसवलेला, हलत नाही. त्याला एकच उभी फट असते आणि त्या फटीतनं तो फक्त रेघ बघतो, दुसरं काही नाही. आमच्या काळी त्या फटीमागून फिल्म सरकत जायची. म्हणजे त्या लांबलचक फोटोत डावीकडून उजवीकडे जागा बदलतच नाही, फक्त वेळ बदलते. प्रत्येक उभी ओळ त्याच रेघेची, पण वेगळ्या क्षणाची. म्हणून त्या फोटोत ज्याचा पाय रेघेवर टेकलेला असतो त्याचा बूट लांबच लांब ओढल्यासारखा दिसतो, आणि मागं मैदान नसतं, नुसती रेघच ओढलेली असते. पाहायला विचित्र, पण कुठली छाती आधी आली ते शंभराव्या भागापर्यंत मोजता येतं.

“खोड तीच आहे आक्का,” अण्णा म्हणाले. “तुमच्या फोनची आणि त्या कॅमेऱ्याची. त्यांना खोड माहीत आहे, म्हणून ते तिच्याकडनं काम करून घेतात. आपल्याला माहीत नसते, म्हणून ती आपल्याकडनं काम करून घेते.”

चौकट करायला दिलेला फोटो मी तसाच परत घेतला.

---

त्या रात्री मी नातीला जवळ घेऊन टेबलफॅनसमोर बसले. म्हटलं, “चल, एक गंमत करूया.” फॅन चालू करून फोनवर त्याची पाती टिपली. डोळ्यांना नुसतं धूसर चक्र दिसत होतं, फोनमध्ये मात्र तीन पाती, एकेक केळ्यासारखं वाकलेलं. ती खिदळायला लागली. फोनच गदागदा हलवून व्हिडिओ काढला तर देव्हारा, कपाट आणि आजोबा, सगळे जेलीसारखे डुलायला लागले. तिला तिच्या बाबांनी सांबऱ्याच्या विमानातून काढलेला व्हिडिओ आठवला. पंख्याचं विमान, खिडकीतून दिसणारा पंखा, आणि पाती सुटून हवेत तरंगावीत तशी. “म्हणजे ती सुटलेली नव्हती?” “नव्हती गं बाळ. सुटली असती तर बाबा घरी आले असते का?”

मैत्रिणींनो, तुम्हीही घरी करून बघा. स्वयंपाकघरातला फॅन पुरे. आपण ज्याला साक्षीदार मानतो तो कसा बघतो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

मग मी तिला शर्यतीचा फोटो दाखवला आणि बांबूचं सांगितलं. मला वाटलं होतं की तिला समजावून सांगावं लागेल, तिचं मन मोडेल. ती फोटोकडं न बघता म्हणाली, “मला माहीत होतं आजी.”

“काय माहीत होतं?”

“मी मागं होतो.” आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, ‘होतो’, ‘जातो’. “मी शेवटी वळून बघितलं तर तिचा पाय रेघेवर पडलेला, माझा अजून हवेतच होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलंच नाही. सगळे फोटोला विचारत होते.”

मी तिला पोटाशी धरलं, पण आधार कुणी कुणाला दिला ते मला सांगता येणार नाही. मैदानात पंधरा-वीस मोठी माणसं होती. त्यात शिकलेली, शिकवणारी, आणि माझ्यासारखी पाठशाळेत रविवारी पोरांना धडे देणारी. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मी दर वर्षी सांगते. एकानं पाय धरला, एकानं सोंड, प्रत्येकाचं थोडं थोडं खरं. आणि मी स्वतः एका तिरक्या बांबूला धरून ‘हाच हत्ती’ म्हणून मैदानभर ओरडले. धावलेल्या दोन पोरी समोर उभ्या होत्या. त्यांना विचारायचं एकीच्याही मनात आलं नाही.

---

दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ल्यात कमल बस्तीला गेले. नेमिनाथ भगवानांसमोर बसले, पण डोळे छताकडेच जात होते. ज्यांनी ही बस्ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठशे वर्षांपूर्वीची काळ्या दगडाची बस्ती, आणि छतातून खाली उमललेलं दगडी कमळ. बहात्तर पाकळ्या. भूतकाळातले चोवीस तीर्थंकर, वर्तमानातले चोवीस आणि भविष्यातले चोवीस. तिन्ही काळ एका कमळात. लहानपणापासून किती वेळा त्याच्याखाली उभी राहिले असेन. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ज्यानं हे कोरलं त्यानं काही लपवलं नाही. हे एका क्षणाचं चित्र आहे असं तो म्हणतच नाही. पाकळ्या मोजल्या की कळतं, इथं तिन्ही काळ शेजारी बसवलेत.

आपल्याकडे काळाच्या सगळ्यात बारीक अंशाला ‘समय’ म्हणतात, ज्याचे पुन्हा तुकडे होत नाहीत. पापणी लवते तेवढ्यात असे असंख्यात समय जातात. मी हे पाठ केलंय, पाठ करवून घेतलंय. पण माझा फोटो म्हणजे एकच क्षण अशी माझी ठाम समजूत होती. त्या एका फोटोतसुद्धा वरून खालपर्यंत किती तरी वेळ गेला होता, आणि तेवढ्या वेळात कुणाची तरी तीन बोटं मी काढून घेतली होती.

क्षमावाणीला अजून आठ महिने होते. वर्षभराचं सगळं मनात साठवून भाद्रपदात हात जोडायची आपल्याला सवय. मी ठरवलं, तोवर थांबायचं नाही.

आधी शाळेत गेले. पीटीच्या बाईंना फोटो दाखवला, बांबूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आजी, आता वही वर गेली. राहू दे की. कोण विचारतंय?” मी म्हटलं, “मीच विचारते आहे.” माझी चूक लिहून, सही करून दिली. मग त्या म्हणाल्या, “खरं सांगू? मी रेघेवरच उभी होते. मला ती पोर आधी आलेली दिसली होती. पण तुमचा फोटो बघितला आणि मलाच माझं खरं वाटेना.”

संध्याकाळी नातीला घेऊन वैनींकडं गेले. पदक तिच्या हातात. ती आत गेली, मैत्रिणीला म्हणाली, “हे तुझं आहे. फोटो तिरका होता.” दोघी लगेच माडीवर पळाल्या. लहान मुलांचं बरं असतं. मोठ्यांचं तसं नसतं. वैनींनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसल्या, पण बोलेनात.

मी हात जोडले. “वैनी, चुकलं माझं. क्षमा करा.”

“फोटोचं काही नाही हो आक्का,” त्या म्हणाल्या. “यंत्र आहे, चुकेल. पण तुम्ही म्हणालात, डोळे आपल्या माणसाकडंच बघतात. चारचौघींत. ते लागलं मला.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आणि त्याहून वाईट सांगू? घरी आल्यावर पोर सांगत होती, आजी, मीच पहिली आलेय. मी तिला रागावले. म्हटलं, फोटोत दिसलं ना सगळ्यांना? खोटं बोलू नको. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. माझा फोटो एका घरात नाही, दोन घरांत खोटा पडला होता. त्यांनी क्षमा केली की नाही ते त्यांनी शब्दांत सांगितलं नाही. पण चार दिवसांनी भिंतीवरून तुपाची वाटी आली. वाटी रिकामी होती. एवढी आनंदानं मी आयुष्यात कुणाला तूप वाढलं नसेल.

---

तो फोटो मी शेवटी चौकटीत बसवलाच. अण्णांनी पैसे घेतले नाहीत. स्वयंपाकघरात, फॅनच्या बटणांशेजारी लावलाय. घरी आलेलं कुणीही तो बघून आधी चौकट सरळ करायला हात पुढं करतं. “अहो, फोटो तिरका लागलाय की.”

मी म्हणते, “चौकट सरळ आहे. बांबू बघा.”

मग चहा उकळेपर्यंत सगळं सांगावं लागतं. वैनी असल्या तर मधलं त्याच सांगतात, माझं ते वाक्यसुद्धा. त्या वाक्यापाशी आल्या की मी गॅस बारीक करते आणि साखरेचा डबा शोधायला लागते.